उर्मिलाच्या कानाने

९ सप्टेंबर १९५६

उर्मिला परवा घरी आली, अकरा महिने सॅनिटोरियममध्ये काढून. वजन सहा पौंडांनी वाढलंय, एक्सरे स्वच्छ आहे, नव्वद इंजेक्शनं पुरी झाली. दर रविवारी मी तिथे जायचो आणि नर्सला इंजेक्शनांचा तक्ता दाखवायला लावायचो. एक दिवस चुकू दिला नाही. त्याबद्दल मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतो, दुसरं कोण थोपटणार?

एकच वाईट झालं. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलंय. वर्षभर तरी फुप्फुसांना ताण नको म्हणाले. जी बाई अकरा वर्षं गुरुजींकडे शिकली, तिला म्हणतात गुणगुणूसुद्धा नका. तिने मान डोलावली आणि घरी आल्याआल्या तानपुऱ्याला गवसणी घालून तो कपाटावर चढवून ठेवला. मला ते बघवलं नाही.

म्हणून ठरवलंय, गाता येत नाही तर निदान ऐकू दे. गाणारा आपल्या फणसवाडीतल्या खोलीत येऊन बसलाय असं वाटेल इतकं चांगलं ऐकू दे. आमच्या रेडिओतून सगळेच पडसं झाल्यासारखे गातात. विलायतेत लोक मासिकं वाचून घरच्या घरी दोन-दोन स्पीकरांच्या पेट्या बांधतात. विमा कंपनीत कारकून असलो म्हणून काय झालं, माझे हात बरे आहेत.

२३ सप्टेंबर

मनमोहनकडून सामान आणलं. हा माझा शाळेपासूनचा दोस्त, लॅमिंग्टन रोडवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवतो. बारा इंची मोठा स्पीकर कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरातला आहे, छोटा विलायती आहे. मोठा जाड सूर गातो, छोटा बारीक. दोघांना सगळंच गाणं दिलं तर छोटा फाटतो आणि मोठा गोंधळ घालतो. म्हणून मध्ये जकातनाकं बसवायचं. मोठ्याच्या वाटेवर तांब्याच्या तारेचं वेटोळं, ते बारीक सूर अडवतं. छोट्याच्या वाटेवर कंडेन्सर, तो जाड सूर अडवतो. ह्याचं नाव क्रॉसओव्हर. सगळी गंमत हद्द कुठे आखायची ह्यात आहे. मी तीन हजार सायकलवर, म्हणजे सेकंदाला तीन हजार कंपनांवर आखणार. मनमोहन म्हणाला, दिल्लीवाल्यांना मुंबईची हद्द ठरवता येत नाही, आणि हा निघाला.

आज दिवसभर वेटोळं गुंडाळलं. दोनशे दहा फेरे घालायचे, एकही कमीजास्त नको. एकशे चाळीसपर्यंत आलो आणि उर्मिला काहीतरी सांगायला लागली, वाडीतून मोर्चा जाणार वगैरे. आकडा चुकला, सगळं सोडून पुन्हा सुरुवात. मी जरा वसकन ओरडलो. मग घरात नियमच केला, पेटीचं काम चालू असताना बोलणं बंद. ती गप्प बसून भाजी निवडत राहिली.

११ ऑक्टोबर

पेटी बोलली! आजोबांचं दुसरं, सागवानी कपाट फोडून पेटीच्या फळ्या काढल्या. आई हयात असती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं. छोटा जरा चढा बोलत होता, म्हणून त्याच्या वाटेवर दहा ओहमचा रेझिस्टन्स घालून त्याला जरा दाबलं. मग उर्मिलाच्या गुरुजींची भीमपलासची रेकॉर्ड लावली. शेजारच्या शांतावहिनी हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, मला वाटलं बुवाच आले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

उर्मिलाने डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, सुरुवातीचा तानपुरा कुठाय? ह्या रेकॉर्डवर गाणं सुरू व्हायच्या आधी दोन क्षण नुसता तानपुरा आहे. म्हटलं, वाजला की. म्हणाली, वाजला, पण जवारी नाही, लाकडावर मारल्यासारखा वाजला. जवारी म्हणजे तारेखालचा दोरा जागेवर बसला की सुराला जे भुंग्यासारखं गुंजन येतं ते.

मला तर गुंजन ऐकू आलं होतं. पण माझा कान कारकुनाचा. ही बाई स्वयंपाकघरातून सांगायची की बाहेर तानपुऱ्याची तिसरी तार उतरलीय. ह्या घरात मीटर एकच, उर्मिलाचा कान. तो सांगेल तशी पेटी लावायची.

२१ ऑक्टोबर

दहाचा रेझिस्टन्स काढून पाचाचा घातला. ती म्हणाली, किंचित बरं. पाचाचाही काढला. म्हणाली, तानपुरा जाऊ दे, शब्दही नीट नाहीत, गुरुजी तोंडात पान ठेवून गातायत असं वाटतं. आता छोट्याला काही अडवणंच नाही, तरी कमी पडतोय. बहुतेक कंडेन्सर खराब आहे. लष्करी भंगारातला माल, त्याचा काय भरवसा.

५ नोव्हेंबर

दिवाळी. एक तारखेला ते दोन भाषांचं राज्य झालं, त्यामुळे वाडीत आकाशकंदील लावायचे की काळे बावटे, ह्यावर दोन दिवस तंटा चालला होता. मला त्यात भाग घ्यायला वेळ नव्हता. उर्मिलाने नवीनच काढलंय की गाण्याच्या मागे बारीक शिट्टी येते. मला येत नाही. पण तिला येते म्हणजे असणारच. तीन दिवस शिट्टीच्या मागे आहे. अँप्लिफायरचा व्हॉल्व्ह बदलला, पाण्याच्या नळाला तार बांधून अर्थिंग केलं. तिची शिट्टी काही जाईना.

शेवटी वैतागून सगळं बंद केलं, प्लगसुद्धा काढला, आणि विचारलं, आता? ती म्हणाली, अजून आहे. मग माझ्या हातातल्या प्लगकडे तिचं लक्ष गेलं. घाईघाईने म्हणाली, नाही, नाही, गेली. आणि चकल्या तळायच्या राहिल्यात म्हणून आत गेली. बायकांचं काही कळत नाही. निदान शिट्टी तरी मिटली.

२ डिसेंबर

आज दूध पुन्हा उतू गेलं. ती शेजारीच उभी होती, स्टोव्हकडे पाठ करून. पूर्वी दुधाने नुसतं चर्र केलं तरी धावायची. लक्ष नसतं हल्ली तिचं. चालतानाही भिंतीला हात लावते, अशक्तपणा असेल. मी भुजण्याच्या कालवणासाठी सरंगा मासा आणला, म्हटलं ताकद येईल.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो, कुणाला सांगण्यासारखी नाही. हल्ली मी बोलायला लागलो की ती हातातलं काम टाकून माझ्या तोंडाकडे एकटक बघते. लग्नाच्या पहिल्या वर्षीही अशी बघत नव्हती. पस्तिशी आली आमची, आणि मला लाजल्यासारखं होतं. आजारपणाने माणसं जवळ येतात म्हणतात, ते खरं असावं.

१६ डिसेंबर

मनमोहनशी भांडण झालं. हद्द मी आता दीड हजारावर उतरवली आहे, म्हणजे छोट्याच्या वाट्याला जास्त गाणं येतं. त्यासाठी कंडेन्सर दुप्पट केले, वेटोळंही नवं, जवळपास तीनशे फेऱ्यांचं. उर्मिला म्हणते पूर्वीपेक्षा बरं. मनमोहनने अर्धी रेकॉर्ड ऐकली आणि कानावर हात ठेवले. म्हणाला, "अच्युत, तुला कुणी सांगितलं हे बरोबर आहे म्हणून? नुसत्या सुया टोचतायत रे. ऑक्टोबरात उत्तम होती."

मी म्हटलं, तू दिवसभर मोडके रेडिओ ऐकतोस, तुझा कान मेलाय. हिच्या कानावर लावलीय पेटी. तो उर्मिलाकडे बघायला लागला. ती चहाचे कप उचलत होती. तो तिला उद्देशून काही बोलला, पण ती पाठमोरीच राहिली, उत्तर दिलं नाही. तिलाही त्याचा राग आला असणार. बरोबरच आहे.

२० जानेवारी १९५७

निवडणुकीचे कर्णे दिवसभर वाडीत. समितीवाले गेले की काँग्रेसवाले, ते गेले की पुन्हा समिती. कामात माझं डोकं उठतं. समितीला मत देईनच, पण कंडेन्सर जोडताना घोषणा नकोत.

शांतावहिनी आल्या होत्या. चाचरत म्हणाल्या की पेटी जरा हळू लावता येईल का, त्यांच्या सासूबाईंचं डोकं दुखतं, पातेलं तारेने घासल्यासारखं होतं. मी हो म्हटलं आणि दार लावलं. खरं सांगायचं तर मलाही आता अर्ध्या तासात कपाळ धरावं लागतं. पण हा दोष माझ्या कानाचा आहे, सवय व्हायला हवी.

आज संध्याकाळी उर्मिला समोर येऊन बसली, म्हणाली, थोडा वेळ काम ठेवा ना, काहीतरी बोलू. म्हटलं, तुझंच काम चाललंय ना हे? एकदा पेटी लागली की बोलायला सगळा जन्म पडलाय. ती उठून गेली.

३ फेब्रुवारी

काय लिहू.

काल छोट्या स्पीकरचा कागद फाटला. मी स्क्रू काढून तो बाहेर घेतला, भोकावर पुठ्ठा बसवला, समोरचं कापड पुन्हा ठोकलं. सोमवारी मनमोहनकडे न्यायचा होता, भांडण गिळून. पेटीत आता नुसता मोठा स्पीकर, तोही वेटोळ्याने बांधलेला. आज सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा उर्मिलाने आपणहून भीमपलासची रेकॉर्ड लावली. मी पंच्याने डोकं पुसत बाहेर आलो. आवाज घोंगडीतून आल्यासारखा, गुरुजींचे शब्दसुद्धा कळत नव्हते. मी तिला सांगणार होतो की अगं, छोटा काढलाय, बंद कर.

ती म्हणाली, "आज लागली. जवारी किती छान येतेय. आता काही बदलू नका, हीच राहू द्या."

छोटा स्पीकर टेबलावर माझ्या चष्म्याशेजारी पडला होता.

४ फेब्रुवारी

ऑफिसला गेलो नाही. तिला टेबलाशी नेलं आणि स्पीकर दाखवला. तिने तो हातात घेऊन फाटक्या कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाली की दिवाळीच्या दिवशी, माझ्या हातात प्लग पाहिला, तेव्हाच तिला कळलं होतं. शिट्टी तिच्या कानात आहे. अजून आहे. डिसेंबरात ती शांतावहिनींना घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आली. इंजेक्शनांनी फुप्फुस वाचवलं, पण कानाची नस मारली, काहींच्या बाबतीत होतं असं. आधी बारीक सूर जातात, मग माणसाचं बोलणं. इंजेक्शनं थांबली तरी हे थांबत नाही. उपाय नाही.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"पहिल्यांदा मला खरंच वाटलं, पेटीत खोट आहे. मग कळलं तरी तुम्हाला म्हणत राहिले, अजून थोडं, अजून थोडं. खोट पेटीत आहे तोवर मी बरी होते ना. शेवटी तुमचे डोळे बघवेनात, म्हणून म्हटलं लागली."

आणि मला आठवलं. सॅनिटोरियममध्ये, साठाव्या की सत्तराव्या इंजेक्शनाच्या सुमारास, ती म्हणाली होती की कान वाजतात, दोन दिवस सुई नको. मी तिला रागावलो होतो. नर्सलाही सांगितलं होतं, हट्ट करील, ऐकू नका. डॉक्टर म्हणतात थांबवली असती तर फुप्फुसाचं सांगता आलं नसतं. असेल. मला त्याने काही बरं वाटत नाही.

पाच महिने माझ्या घरात बोलणं बंद होतं. हा नियम मी केला. ज्या पाच महिन्यांत तिला माझं बोलणं धड ऐकू येत होतं, ते मी तिला भाजी निवडत गप्प बसवून घालवले. मी गाढव आहे. गाढव तरी ओरडतं.

१० फेब्रुवारी

मनमोहनची माफी मागितली. त्याने दुकानातला ऑसिलेटर माझ्या हातात दिला. बटण फिरवू तो सूर काढणारं यंत्र आहे. उर्मिलाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. ऐकू येईल तोवर तिने बोट वर ठेवायचं. एकोणीसशे सायकलला बोट खाली आलं. तिथून पुढे मला वीस सेकंद शिट्टी ऐकू येत होती आणि ती पाठ करून शांत बसली होती.

तिथेच हद्द. मी इतके महिने भलत्याच ठिकाणी आखत होतो.

२४ फेब्रुवारी

सोळाशे.

१७ मार्च

अकराशे. वाडीत समितीची मिरवणूक आली, गुलाल आमच्या गॅलरीपर्यंत उडाला. उर्मिला कठड्याशी उभी होती. ढोल कळतो म्हणाली, माणसं कळत नाहीत. मी घोषणा तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होतो, अर्ध्या वाडीने ते पाहिलं. पाहू दे.

२१ एप्रिल

सातशे. नवा क्रॉसओव्हर करायला घेतला. छोटा कायमचा काढायचा, आणि सातशेच्या खालचं जे काही गाण्यात आहे तेवढंच उचलून तिला द्यायचं. त्यासाठी वेटोळं प्रचंड लागतं. दोनशेव्या फेऱ्याला तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"गाणं जायचं ते गेलं. ते मला आतून ऐकू येतं," ती म्हणाली. "तुमचा आवाज आतून येत नाही हो. तो आहे तोवर माझ्याशी बोला."

तारेचं रीळ बाजूला ठेवलं. बोलायला बसलो तर मला काही सुचेना. दहा वर्षांचा संसार, आणि समोर बसून सांगायला विषय नाही. शेवटी ऑफिसातल्या हेडक्लार्कने टोपी कशी गादीखाली दाबून इस्त्री केली ते सांगितलं. ती हसली. मग मी लहानपणी बाणगंगेत पडलो होतो ते. मग आईचं. दिवे लागेपर्यंत बोलत होतो, घसा बसला. इतकं मी आयुष्यात कधी बोललो नसेन. सगळं ओरडून बोलावं लागलं, आणि जे ओरडून सांगता येत नाही ते तसंच राहिलं.

१९ मे

ऑसिलेटर परत केला. आता आकडा घेण्यात अर्थ नाही. ओठ बघून तिला बरंच कळतं. मागून हाक मारली तर कळत नाही. काल मी सवयीने मागून हाक मारली आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून रडलो. तिला ऐकू जाणार नाही हे माहीत होतं म्हणून मोठ्याने रडलो.

१६ जून

सकाळी उर्मिलाने कपाटावरचा तानपुरा काढला. म्हणाली, आता कशासाठी फुप्फुस जपू? डॉक्टरांचं वर्ष संपायला तीन महिने होते, पण मला नाही म्हणवलं नाही. तारा मला लावायला सांगितल्या. मी शांतावहिनींकडून बाजाची पेटी आणली, सूर धरून ठेवला आणि एकेक खुंटी पिळत कशाबशा लावल्या. तिने तानपुऱ्याचा भोपळा मांडीशी घट्ट धरला, गाल दांडीला टेकवला आणि डोळे मिटून षड्ज लावला.

पावणेदोन वर्षांनी तिचा आवाज ह्या खोलीत आला. तोच पोत, तीच धार. पण षड्ज खाली होता. तानपुरा एकीकडे आणि ती एकीकडे. गंधारावर गेली तेव्हा आणखी उतरली, पंचम तर कुठलाच नव्हता. मी कारकून आहे, पण एवढं मलाही कळतं. शांतावहिनी दारात आल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून मागे फिरल्या. उर्मिला गात होती. चेहरा असा होता की गुरुजींसमोर बसलीय आणि गुरुजी मान डोलावतायत.

थांबली. डोळे उघडून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सूर लागला?"

मी चेहरा सरळ ठेवला. ओठ नीट दिसतील असा तिच्या समोर बसलो आणि सावकाश म्हणालो, "लागला. अगदी पहिल्यासारखा."

"पंचम?"

"पंचमही."

तिने तानपुरा खाली ठेवला आणि ओंजळीत तोंड धरून रडली. आनंदाने रडतेय हे कळायला मला वेळ लागला. मग म्हणाली, म्हणजे आत सगळं शाबूत आहे. आता रोज सकाळी गाणार.

रोज सकाळी मी समोर बसेन.

ही वही मात्र घरात ठेवता येणार नाही. तिचे डोळे शाबूत आहेत. उद्या ऑफिसात नेऊन खणात ठेवतो, आणि किल्ली मनमोहनकडे देतो.